पीडीएफसाठी पैसे कुठे मोजावेत

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावातल्या सेतू केंद्रांपुढे गर्दी सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल, जातपडताळणीचा अर्ज. काउंटरमागचा मुलगा रेशनकार्ड स्कॅन करतो, आधारची पीडीएफ उतरवून घेतो, तीन-चार फाइली जोडतो, साइटने सांगितलेल्या केबीत बसवतो आणि अपलोड करतो. जोडण्याचे आणि लहान करण्याचे काम तो बहुधा ब्राउझरमध्ये 'मर्ज पीडीएफ' असे टाकून समोर येईल त्या पहिल्या वेबसाइटवर उरकतो. शेजारच्या डीटीपीच्या दुकानात ॲक्रोबॅट प्रो असते, पण ते विकत घेतलेले नसते. कुणीतरी पेनड्राइव्हवरून 'क्रॅक' बसवून दिलेला असतो. पीडीएफच्या कामासाठी पैसे द्यायचे की नाही, या प्रश्नाला ही दोन दुकाने दोन उत्तरे देतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिल्यात लोकांचे कागद परक्या सर्व्हरवर जातात. दुसऱ्यात बेकायदा सॉफ्टवेअरबरोबर आणखी काय आत शिरले, हे कुणालाच ठाऊक नसते. खरे म्हणजे दोघांनाही लागणारी बहुतेक कामे स्वतःच्या संगणकावर, कायदेशीरपणे आणि एक रुपयाही न देता होतात. जी मोजकी होत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र पैसे मोजलेलेच बरे.

फुकट काय आणि विकत काय, याची वाटणी पीडीएफच्या जन्मापासून चालत आली आहे. ॲडोबी कंपनीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये 'कॅमेलॉट' या प्रकल्पाचे टिपण लिहिले. एका संगणकावर तयार केलेला कागद दुसऱ्या कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा आणि छापता यावा, एवढीच त्यातली मागणी होती. १९९३ मध्ये ॲक्रोबॅट बाजारात आले, तेव्हा नुसती फाइल वाचण्याच्या रीडरलाही ५० डॉलर पडत. पाठवणाऱ्यानेही पैसे द्यायचे आणि वाचणाऱ्यानेही, हा हिशेब लोकांना पटला नाही. थोड्याच काळात कंपनीने रीडर फुकट केला आणि पैसे फक्त फाइल तयार करणाऱ्याकडून घ्यायचे ठरवले. पीडीएफ घरोघरी पोचली ती त्यानंतर.

दुसरे वळण २००८ चे. पीडीएफचे तपशील आंतरराष्ट्रीय मानक संघटनेकडे गेले, आयएसओ ३२००० हे खुले मानक झाले आणि पेटंटचा अडसरही ॲडोबीने दूर केला. पीडीएफ वाचणारे, लिहिणारे सॉफ्टवेअर कुणीही बनवावे, याला वाट मोकळी झाली. २०१७ मध्ये पीडीएफ २.० आले आणि २०२३ पासून त्या मानकाची प्रत विनामूल्य मिळू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉर्नॉक यांचे निधन झाले.

या दोन निर्णयांमुळे आज पीडीएफ वाचणे फुकट आहे आणि तयार करणेही. ओपनऑफिसने २००३ मध्येच थेट पीडीएफ काढण्याची सोय दिली होती. मायक्रोसॉफ्टने ती ऑफिस २००७ च्या काळात आणली, आणि २०१५ च्या विंडोज १० पासून तर छापता येणाऱ्या कोणत्याही गोष्टीची पीडीएफ करणारा प्रिंटर संगणकात आधीपासूनच बसवलेला असतो. मॅकमध्ये ही सोय त्याहून जुनी. त्यामुळे 'वर्डची पीडीएफ करून देतो' एवढ्या कामासाठी कुणी पैसे मागत असेल, तर ते देण्याचे काहीच कारण नाही.

वाचण्यासाठी क्रोम किंवा फायरफॉक्स बहुतेकांना पुरते. क्रोममधले पीडीएफ दाखवणारे इंजिन गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले, तर फायरफॉक्समधले २०१३ पासून त्या ब्राउझरचाच भाग आहे. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकासाठी सुमात्रा पीडीएफ हे एक छोटेसे सॉफ्टवेअर उत्तम. ते बसवावेही लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालते. ज्यांना शेरे लिहायचे, ओळी रंगवायच्या, समासात टिपणे करायची असतात त्या विद्यार्थ्यांनी आणि संपादकांनी ओक्युलर पाहावे. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायाने बनवलेल्या ओक्युलरला २०२२ मध्ये जर्मनीचे 'ब्लू एंजल' हे पर्यावरण-मानचिन्ह मिळाले. ते मिळवणारे हे पहिलेच सॉफ्टवेअर.

मग ॲडोबीचा स्वतःचा फुकट रीडर कशाला ठेवायचा? दोन कामांसाठी. एक डिजिटल सहीचे, त्याकडे पुढे येऊच. दुसरे एक्सएफए या जुन्या पद्धतीच्या फॉर्मचे. कॅनडाला शिकायला किंवा मुलांकडे राहायला निघालेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही: व्हिसाचा अर्ज उतरवून घेतला, ब्राउझरमध्ये उघडला, तर पानावर अर्जाऐवजी फक्त 'कृपया थांबा' अशा अर्थाची इंग्रजी सूचना. माणूस थांबून राहतो आणि अर्ज काही येत नाही. फाइल बिघडलेली नसते. तो फॉर्म ज्या पद्धतीने बांधला आहे, ती पद्धत त्या ब्राउझरला येत नाही एवढेच. फायरफॉक्सने २०२१ मध्ये अशा फॉर्मची सोय आणली. तरी शंका असेल तेव्हा फाइल संगणकावर उतरवून ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी. पीडीएफ २.० ने ही पद्धत मोडीत काढली आहे, पण सरकारी फॉर्म लवकर निवृत्त होत नाहीत.

फाइली जोडणे, पाने वेगळी करणे, फिरवणे, क्रम बदलणे, नको ती पाने काढणे ही सेतू केंद्रांची, सोसायटीच्या सेक्रेटरीची आणि शाळेच्या कारकुनाची रोजची कामे. यासाठी पीडीएफसॅम बेसिक हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. पीडीएफ२४ क्रिएटर हे जर्मन कंपनीचे विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर कार्यालयातही फुकट वापरता येते आणि त्यात जोडण्यापासून लहान करण्यापर्यंत बहुतेक अवजारे एका खिडकीत मिळतात. आदेश टाइप करून काम करायला न घाबरणाऱ्यांसाठी क्यूपीडीएफ आहे. मोठ्या संस्थेला स्वतःच्या सर्व्हरवर सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एकच सोय हवी असेल, तर स्टर्लिंग पीडीएफ बसवता येते. दिसायला ते ऑनलाइन सेवांसारखेच, पण कागद कार्यालयाच्या भिंतीबाहेर जात नाही.

फाइल लहान करण्याच्या कामात सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून त्यातले गणित एकदा पाहून घ्यावे. ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयवर स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे जवळपास ८७ लाख ठिपके होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे दाबून लहान करण्याआधीचे एक पान २६ एमबीचे. तोच कागद १५० डीपीआयवर घेतला की ठिपके एकदम चौथाईवर, सुमारे २२ लाखांवर येतात. आणि मजकुराचा साधा कागद रंगीतऐवजी शुद्ध काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केला, तर प्रत्येक ठिपक्याला एकच बिट लागतो आणि चांगल्या दाबणीनंतर पान बहुधा १०० केबीच्या आत बसते. सातबारा, मार्कशीट, शपथपत्र यांना रंगाची गरज क्वचितच असते. म्हणजे '२०० केबीच्या आत' ही अट पाळायला बहुतेक वेळा वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. स्कॅन करतानाच योग्य बटण दाबावे लागते. तयार फाइल नंतर लहान करायची झालीच, तर घोस्टस्क्रिप्ट हे १९८८ पासूनचे मुक्त इंजिन आहे. त्यात 'स्क्रीन'साठी ७२, 'ईबुक'साठी १५० आणि 'प्रिंटर'साठी ३०० डीपीआय अशा तयार पातळ्या आहेत. कार्यालयीन कामाला मधली पातळी पुरते. ७२ वर मराठीतले अनुस्वार आणि रफार पुसट होतात आणि मग पडताळणी करणारा कारकून अर्ज परत पाठवतो.

जोडताना एक धोका फारसा कुणी सांगत नाही. डिजिटल सही असलेली पीडीएफ दुसऱ्या फाइलला जोडली, दाबून लहान केली किंवा पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' केली की सही संपते. सहीचे चित्र पानावर दिसत राहते, पण त्यामागचा पुरावा निघून जातो, कारण डिजिटल सही त्या फाइलच्या नेमक्या बाइट्सवर केलेली असते. १५ रुपये भरून घेतलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि ई-आधार या दोन्हींना हे लागू पडते. अशा फाइली शक्यतो वेगळ्याच अपलोड कराव्यात आणि मूळ प्रत हात न लावता जपून ठेवावी. सातबाऱ्याच्या बाबतीत निदान उताऱ्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून महाभूमीच्या संकेतस्थळावर खातरजमा करता येते. इतर कागदांना ती सोय असेलच असे नाही.

ई-आधारवरच्या पिवळ्या प्रश्नचिन्हाने तर कितीतरी लोकांना घाबरवले आहे. त्याचा अर्थ आधार खोटे असा नसतो. सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून त्या संगणकावर अजून नोंदलेले नाही, एवढेच ते सांगते. फुकट ॲक्रोबॅट रीडरमध्ये सहीवर उजवे बटण दाबून प्रमाणपत्र पाहिले आणि विश्वासार्ह म्हणून जोडले की हिरवी खूण येते. क्रोममध्ये प्रश्नचिन्ह कायमच राहते, कारण क्रोम सही तपासतच नाही. स्वतः सही करायलाही पैसे लागतात ते यूएसबी टोकनवरच्या प्रमाणपत्राचे, सॉफ्टवेअरचे नव्हे. २०२१ पासून भारतात वर्ग २ ची प्रमाणपत्रे बंद होऊन वर्ग ३ चीच मिळतात; ती वापरून ॲक्रोबॅट रीडरमध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये सही करता येते. सीएच्या ऑफिसात निव्वळ सह्यांसाठी ॲक्रोबॅट प्रोची वर्गणी चालू असेल, तर ती खुशाल बंद करावी.

आता ऑनलाइन सेवांकडे. बार्सिलोनातून चालणारी आयलवपीडीएफ, स्वित्झर्लंडची स्मॉलपीडीएफ आणि त्यांच्यासारख्या इतर सेवा प्रामाणिकपणे काम करतात आणि अपलोड झालेल्या फाइली तास-दोन तासांत पुसल्या जातात असे सांगतात. त्यांच्या हेतूवर शंका घ्यायचे कारण नाही. प्रश्न सवयीचा आहे. 'पहिली येईल ती साइट' ही सवय एकदा लागली की नावाजलेली सेवा आणि तिच्या नावाशी साधर्म्य साधून उभी केलेली बनावट साइट यांतला फरक घाईत कुणी पाहत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने याचसाठी जाहीर इशारा दिला: फुकट फाइल बदलून देणाऱ्या काही साइट सांगितलेले काम करून देतात, पण परत येणाऱ्या फाइलबरोबर व्हायरस पाठवतात किंवा अपलोड झालेल्या कागदांतून नावे, खाते क्रमांक, पासवर्ड काढून घेतात. काम झालेले असते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

भारताने असा धडा आधीच घेतला आहे. फोनवर कागद स्कॅन करायला कॅमस्कॅनर हे ॲप आपल्याकडे इतके रुळले होते की लोक 'कॅमस्कॅनर करून पाठव' असेच म्हणत. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत, जाहिराती दाखवणाऱ्या भागात, घातक कोड सापडला आणि गूगलने ते काही काळ प्ले स्टोअरवरून काढले. पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपच्या यादीत ते होते. रातोरात लाखो लोकांना दुसरी सोय शोधावी लागली, आणि ती त्यांच्या फोनमध्ये आधीपासूनच होती: अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनवर नोट्समध्ये स्कॅनर असतोच.

पैसे दिले की कागद सुरक्षित, असेही मानू नये. ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या नायट्रो या नावाजलेल्या पीडीएफ कंपनीच्या सेवेतून २०२० मध्ये माहिती चोरीला गेली आणि ७ कोटींहून अधिक नोंदी पुढे इंटरनेटवर पसरल्या. म्हणून कंपनी फुकट देते की विकत, याआधी कागद कुठे जातो हे विचारावे. ते तपासायला एक सोपी युक्ती आहे: साइट पूर्ण उघडल्यावर वायफाय बंद करून फाइल निवडावी. काम तरीही झाले, तर सगळी प्रक्रिया ब्राउझरच्या आतच होते आहे. अडकले, तर कागद बाहेर जात होता. लग्नाची पत्रिका खुशाल ऑनलाइन जोडावी. आधार, पॅन, वैद्यकीय अहवाल, मिळकतीची कागदपत्रे आणि विद्यार्थ्यांच्या याद्या कधीही नाही. दुसऱ्यांचे कागद हाताळणाऱ्यांवर तर २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने जबाबदारीही टाकली आहे.

मराठी वाचकाला खरा त्रास होतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथे महाग सॉफ्टवेअरही फारसे कामाला येत नाही. शासन निर्णयाच्या पीडीएफमधून एखादा परिच्छेद कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला की 'सर्व'चे 'सवर्' होते, 'कार्य'चे 'कायर्', आणि 'दिवस'मधली वेलांटी अक्षर सोडून अलीकडे जाऊन बसते. याचे कारण पीडीएफच्या रचनेत आहे. मजकूर साठवताना आपण 'द' आधी आणि त्याची वेलांटी नंतर अशा उच्चाराच्या क्रमाने साठवतो. पीडीएफला मात्र उच्चाराशी देणेघेणे नाही. जुन्या छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याप्रमाणे ती पानावर डावीकडून उजवीकडे जे दिसते ते मांडते: आधी वेलांटीचा खिळा, मग 'द'चा. रफारही असाच ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्यानंतर येतो. दिसायला पान निर्दोष, छपाईही निर्दोष, पण परत मजकुरात येताना क्रम उलटतो. कोणत्या खिळ्याचे कोणते अक्षर, हे सांगणारी तालिका फाइलमध्ये असावी लागते. ती अर्धवट असली की जोडाक्षरेही गळतात.

जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची स्थिती याहून वाईट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे फॉन्ट, शिवाजी वगैरेंमध्ये मराठी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असे. अशा पुस्तकाच्या पीडीएफमधून मजकूर काढला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो, आणि त्यात 'ज्ञानेश्वर' शोधला तर सापडणे शक्यच नाही. कितीतरी दिवाळी अंकांचे आणि प्रबंधांचे मजकूर या फाइलींमध्ये अडकून पडले आहेत.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय फुकटच आहे. पानाचे चित्र करावे आणि ते ओसीआरने, म्हणजे अक्षरओळख करणाऱ्या प्रणालीने, पुन्हा वाचून घ्यावे. टेसरॅक्ट ही अशी मुक्त प्रणाली. १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत ती घडली, २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला, पुढे गूगलने तिला आधार दिला आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती न्यूरल जाळ्यावर चालते. तिच्यात मराठीसाठी स्वतंत्र प्रशिक्षित विदा आहे, त्यामुळे 'ळ' आणि मराठी शब्दरूपे ती हिंदीच्या विदेपेक्षा चांगली ओळखते. ओसीआरमायपीडीएफ हे तिच्यावर आधारलेले सॉफ्टवेअर मूळ पान जसेच्या तसे ठेवून त्यामागे शोधता येणारा मजकूर लपवून बसवते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने विनामूल्य दिलेली जुनी, स्कॅन केलेली पुस्तके अशी करून ठेवली की अभ्यासकाचे निम्मे काम हलके होते. एखाद्दुसऱ्या पानासाठी फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून गूगल डॉक्समध्ये उघडली तरी मराठी मजकूर बऱ्यापैकी शुद्ध निघतो. अर्थात तिथेही कागद बाहेर जातोच. पैसे देऊन ओसीआरचे सॉफ्टवेअर घ्यायचेच असेल, तर भाषांच्या यादीत मराठी आहे का, हे खरेदीपूर्वी डोळ्यांनी पाहावे. युरोपीय भाषांची लांबलचक यादी असते आणि देवनागरीचा पत्ता नसतो, असे अजूनही घडते.

मग पैसे कशासाठी? पहिले काम तयार पीडीएफमधला मजकूर बदलण्याचे. करारातली तारीख चुकली, मूळ वर्ड फाइल हरवली, समोरचा पक्ष परगावी. ॲक्रोबॅट प्रो, फॉक्सिट, पीडीएफ-एक्सचेंज यांच्यात हे बऱ्यापैकी नीट होते. लिबरऑफिस ड्रॉमध्येही पीडीएफ उघडते, पण ओळीओळीचे तुकडे होतात आणि लांब परिच्छेदात हात घालणे नकोसे होते. इंग्रजी मजकुरावर रोज अशी दुरुस्ती करावी लागणाऱ्या कायदा सल्लागाराने, भाषांतर संस्थेने किंवा निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराने सॉफ्टवेअर विकत घ्यावे. मराठी मजकुरात मात्र वर सांगितलेल्या कारणांमुळे विकतच्या अवजारांचीही दमछाक होते. तिथे मूळ फाइल सांभाळणे हाच मार्ग, आणि लिबरऑफिसची 'हायब्रिड पीडीएफ' त्यासाठी फार उपयोगी: निर्यात करताना ती एक चौकोनी खूण केली की पीडीएफच्या पोटात मूळ संपादनयोग्य दस्तऐवजही राहतो.

दुसरे काम मजकूर झाकण्याचे, आणि इथे चूक झाली तर माणसे उघडी पडतात. मार्च २००५ मध्ये बगदादजवळच्या अमेरिकी चौकीवरच्या गोळीबारात इटलीचे गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी मारले गेले. चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करताना गोपनीय भागांवर काळे पट्टे ओढले होते. वाचकांनी ते भाग निवडून कॉपी केले आणि सैनिकांच्या नावांसकट सगळे बाहेर आले. जानेवारी २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफर्ट यांच्या वकिलांनी अमेरिकी न्यायालयात दाखल केलेल्या कागदात नेमके हेच पुन्हा घडले. काळा पट्टा हे पानावर काढलेले चित्र असते. खालचा मजकूर हलत नाही. आपल्याकडे पीडितेचे नाव जाहीर करायला कायद्याने मनाई आहे, माहिती अधिकारात दिलेल्या कागदांत तिऱ्हाइतांचे पत्ते असतात, शाळांच्या याद्यांत मुलांचे आधार क्रमांक असतात. हे कागद नियमितपणे प्रसिद्ध करणाऱ्या कार्यालयाकडे मजकूर खरोखर काढून टाकणारे 'रिडॅक्ट' अवजार हवेच, आणि ॲक्रोबॅट प्रोमध्ये ते चांगले आहे. कधीमधीच्या कामाला लिबरऑफिसमध्ये २०१९ च्या ६.३ आवृत्तीपासून आलेली सोय पुरते. ती पानाचे चित्र करून टाकते, त्यामुळे पट्ट्याखाली काही उरत नाही. स्वतःचे आधार कुणाला द्यायचे असेल, तर पहिले आठ अंक झाकलेले 'मास्क्ड आधार' यूआयडीएआयकडूनच मिळते. ते उतरवून घ्यावे.

तिसरे काम छपाईचे. पुस्तक छापखान्यात जाण्यापूर्वी फॉन्ट फाइलमध्ये बसलेत का, एखादा फोटो आरजीबीत राहिला का, काळ्या मजकुरात चारही शाया मिसळल्यात का, ब्लीड सुटला आहे का, हे ॲक्रोबॅट प्रोमधला प्रीफ्लाइट एका फेरीत सांगतो. हजार प्रतींचा फॉर्म वाया गेला तर जाणाऱ्या कागदाच्या किमतीपुढे वर्गणी किरकोळ आहे. डीटीपीवाल्यांनी 'क्रॅक' टाकून हे एक सॉफ्टवेअर तरी रीतसर घ्यावे.

घेताना करार मात्र नीट वाचावा. ॲक्रोबॅट २०२० ही एकदाच पैसे देऊन कायमची मिळणारी आवृत्ती होती. त्यानंतरची २०२४ ची आवृत्ती एकरकमी असली तरी तिची मुदत तीन वर्षांचीच आहे. बाकी सगळे वर्गणीवर: अमेरिकेत ॲक्रोबॅट प्रोला महिन्याला सुमारे २० डॉलर, म्हणजे वर्षाला २४०. जून २०२४ मध्ये संघीय व्यापार आयोगाच्या शिफारशीवरून अमेरिकी सरकारने ॲडोबीवर दावा दाखल केला, तो याच वर्गण्यांवरून. 'वार्षिक, मासिक हप्त्याने' ही योजना पहिल्याच वर्षी मध्येच सोडली तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम आकारली जाते आणि ही अट ग्राहकापासून दडवली जाते, असा आयोगाचा आरोप होता. कोणत्याही कंपनीची वर्गणी घेताना 'महिना' म्हणजे खरोखर महिना की वर्षाचे बंधन, हे आधी पाहावे. चाचणीची मुदत संपायच्या आत रद्द करायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. वर्गणी नको असणाऱ्यांनी पीडीएफ-एक्सचेंजसारखे एकदाच विकत घेण्याचे पर्याय पाहावेत. त्याच्या फुकट आवृत्तीत विकतची सोय वापरली तर पानावर शिक्का उमटतो, त्यामुळे अर्जाची फाइल पाठवण्यापूर्वी पान तपासून घ्यावे.

दहा माणसांच्या कार्यालयात दहा परवाने लागत नाहीत. मजकूर बदलणारा आणि झाकणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याच्या एका संगणकावर विकतचे सॉफ्टवेअर आणि उरलेल्या नऊंवर पीडीएफसॅम, ओक्युलर, लिबरऑफिस एवढ्यात भागते. वकिलांच्या ऑफिसातही असेच. ई-फायलिंगसाठी शोधता येणारा मजकूर, पानांचे क्रमांक आणि बुकमार्क लागतात. ओसीआर आणि क्रमांक फुकटात होतात. पाचशे पानांच्या पेपरबुकला बुकमार्क लावण्याचे काम रोजचे असेल, तर विकतच्या सॉफ्टवेअरने वाचणारे तास त्याची किंमत भरून काढतात. सरकारी कार्यालयांपुढे तर केंद्राचे २०१५ चे धोरण आहेच: मुक्त सॉफ्टवेअरचा विचार आधी करावा, असे ते सांगते.

या सगळ्या निवडीत एक वाचक नेहमी विसरला जातो. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून उभे केले; ते फुकट आहे आणि मराठीही वाचते. त्यामुळे जॉज हे त्याच कामाचे महागडे सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या आपल्याकडच्या अनेक अंध विद्यार्थ्यांना संगणक खुला झाला. पण कार्यालयाने वर्डमधले परिपत्रक छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून टाकले की ती पीडीएफ म्हणजे नुसते चित्र उरते आणि एनव्हीडीएला त्यात एकही शब्द सापडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती सुगम असण्याचा हक्क दिला आहे आणि अशा फाइलींसाठी २०१२ पासून पीडीएफ/यूए हे मानकही आहे. ते पाळायला सुरुवात करण्यासाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही. वर्डमध्ये मथळ्यांना मथळ्याची शैली द्यावी, युनिकोडमध्ये टाइप करावे, 'प्रिंट'ऐवजी 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ काढावी आणि सही डिजिटल करावी. 'सेव्ह ॲज'मध्ये रचनेच्या खुणा फाइलमध्ये जाण्याची सोय मुळातच चालू असते. प्रिंटच्या वाटेने त्या गळून जातात. झालेली फाइल पॅक या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की कोणत्या पानावर काय राहिले ते कळते, आणि पॅकही विनामूल्य आहे.